आधी काम, मग पद

हार्बर मार्गावर गोवंडीला उतरून देवनारच्या दिशेने थोडं चाललं, की टाटा समाजविज्ञान संस्थेचं फाटक लागतं. आत दाट झाडी आणि सावली. बाहेर मुंबईचा एम-पूर्व विभाग: १९२७ पासून शहराचा कचरा पोटात घेणारं देवनारचं डम्पिंग ग्राउंड, मोठा कत्तलखाना, शिवाजीनगर आणि बैंगनवाडीच्या दाटीवाटीच्या गल्ल्या. मुंबईच्या २००९ च्या मानव विकास अहवालात हा विभाग शहरातल्या सगळ्या विभागांच्या तळाशी होता.

समाजकार्यात एम.ए. करणारी मुलं आठवड्यातले दोन दिवस या फाटकाच्या आत सापडत नाहीत. कुणी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात असतं, कुणी बालगृहात, कुणी तुरुंगाच्या मुलाखत-खिडकीपाशी, कुणी वस्तीतल्या नळाच्या रांगेत. पुस्तकात याला क्षेत्रकार्य म्हणतात. बोलताना सगळे ‘फिल्डवर्क’च म्हणतात. ते परीक्षेच्या जोडीला लावलेलं प्रात्यक्षिक नाही. त्याला गुण आहेत, त्यात नापास होता येतं, आणि त्यात नापास झालेल्याला बाकीचे पेपर वाचवत नाहीत.

अशा शिक्षणाची भारतातली पहिली शाळा म्हणजे हीच संस्था. तिचा आरंभ देवनारला नाही, भायखळ्याजवळच्या नागपाड्यात झाला.

अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट १९२५ मध्ये मुंबईत आले. गिरण्या आणि गोदी यांच्यामधला नागपाडा तेव्हा खच्चून भरलेला होता. अनेक धर्मांची, अनेक भाषांची कामकरी माणसं तिथे एकेका खोलीत राहत. मॅनशार्ट यांनी तिथे ‘नागपाडा नेबरहुड हाउस’ सुरू केलं. वस्तीसाठी काम करायचं तर वस्तीतच मुक्काम हवा, ही लंडनच्या टॉयन्बी हॉलची आणि शिकागोच्या हल हाउसची रीत. सर दोराबजी टाटा १९३२ मध्ये वारले आणि त्यांची संपत्ती विश्वस्त निधीकडे आली. ती खर्चावी कशी, या विचारात असलेल्या विश्वस्तांना मॅनशार्ट यांनी सुचवलं, की मदत वाटणारे पुष्कळ आहेत, ती नीट पोहोचवणारी शिकलेली माणसं नाहीत, ती घडवा. १९३६ मध्ये ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’ नागपाड्यात सुरू झालं. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, प्रवेश पदवीधरांनाच. १९४४ मध्ये संस्थेला आजचं नाव मिळालं, १९५४ मध्ये ती देवनारला आली, १९६४ मध्ये अभिमत विद्यापीठ झाली.

मुंबई-पुण्याला समाजसेवा नवी नव्हती. विठ्ठल रामजी शिंदे यांचं डिप्रेस्ड क्लासेस मिशन १९०६ चं, रमाबाई रानडे यांचं पुण्याचं सेवासदन १९०९ चं, ना. म. जोशी यांची सोशल सर्व्हिस लीग १९११ ची. त्या माणसांनी कुठलीही पदविका घेतलेली नव्हती. त्यामुळे एक प्रश्न या शाळेच्या दारात पहिल्यापासून उभा राहिला, आणि आजही समाजकार्याला प्रवेश घेणाऱ्या मुलाला घरचे तोच विचारतात: सेवा ही काय शिकवायची गोष्ट आहे? ती अंगात असावी लागते.

याचं उत्तर रेकॉर्डिंगच्या वहीत मिळतं.

फिल्डवर्कच्या प्रत्येक दिवसाचा लेखी अहवाल द्यावा लागतो. त्याचंच नाव रेकॉर्डिंग. कुणाला भेटलो, काय विचारलं, समोरची व्यक्ती काय म्हणाली, कुठे थांबली, आपण काय केलं आणि ते करताना आपल्या मनात काय चाललं होतं, सगळं त्यात यायला हवं. आठवड्यातून एकदा शिक्षक आणि विद्यार्थी समोरासमोर बसतात. ही ‘आय.सी.’, म्हणजे वैयक्तिक बैठक. गटाची असते ती ‘जी.सी.’. शिक्षकांची पेन्सिल नेमकी तिथे थांबते जिथे विद्यार्थ्याला आपण छान लिहिलंय असं वाटत असतं. ‘बाई खचलेल्या दिसल्या’: हे कशावरून? त्या काय म्हणाल्या? ‘कुटुंब सहकार्य करत नाही’: कुणाशी, तुमच्याशी की रुग्णाशी? घरी भेट दिलीत तेव्हा किती वाजले होते? त्या वेळी घरातलं कमावतं माणूस कामावर असणार, हे लक्षात आलं होतं का?

समजा, क्षयरोगाचा एक रुग्ण दोन महिन्यांनी औषध घ्यायला यायचा थांबला. कागदावर तो ‘उपचार सोडलेला रुग्ण’. विद्यार्थी पत्ता शोधत जातो तेव्हा कळतं, की तो नाक्यावर उभा राहून रोजंदारी मिळवतो, नाक्यावर सकाळी लवकर नंबर लावावा लागतो, आणि औषध त्याच वेळेत मिळतं. खोकला कमी झालाय. घरभाडं मात्र थकलंय. आता त्याला आजाराचं गांभीर्य समजावत बसायचं, की केंद्राशी बोलून औषधाची वेळ बदलून घ्यायची? दुसरं काम जमण्यासाठी दया पुरत नाही. केंद्रात कुणाला अधिकार आहे ते माहीत असावं लागतं, अर्ज लिहिता यावा लागतो आणि नकार आला तरी पुन्हा जावं लागतं.

वर्गात याची तीन मोठी नावं शिकवली जातात: व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य आणि समुदाय संघटन. त्यांच्याखाली काही तत्त्वं असतात. फेलिक्स बिस्टेक यांनी १९५७ च्या पुस्तकात मांडलेली स्वीकार, गोपनीयता, स्वयंनिर्णय ही तत्त्वं भारतातल्या प्रत्येक समाजकार्याच्या विद्यार्थ्याला तोंडपाठ असतात. पाठ करायला सोपी, पाळायला अवघड. नवऱ्याचा मार खाऊन आलेली बाई म्हणते, मला घर सोडायचं नाही, त्याला फक्त पोलिसांकडून समज द्या. तेविशीतल्या विद्यार्थिनीला वाटतं, हिने आजच बाहेर पडावं. स्वयंनिर्णय या शब्दाचा अर्थ तिला त्या टेबलापाशी पहिल्यांदा कळतो: निर्णय त्या बाईचा, आपलं काम म्हणजे तिच्यापुढे सगळे रस्ते मांडणं आणि ती ज्या रस्त्याने जाईल तिथे तिची सुरक्षितता बघणं.

हे सगळं शिकून नोकरी कुठे? संस्थेचं खरं वेगळेपण या प्रश्नापाशी दिसतं. इंजिनिअरिंग शिकणाऱ्यासाठी कारखाना आधीच उभा असतो. इथे बहुतेक वेळा पदच नव्हतं. शिक्षक आणि विद्यार्थी एखाद्या जागी जाऊन काम करून दाखवायचे, ते चालतंय असं दिसलं की कुणीतरी त्याचं पद करायचं. अशा कामाला संस्थेत ‘फिल्ड ॲक्शन प्रोजेक्ट’ म्हणतात.

शाळा सुरू झाल्यावर वर्षभरातच, १९३७ मध्ये, तिने मुलांच्या वर्तनाच्या आणि मनाच्या प्रश्नांसाठी चाइल्ड गायडन्स क्लिनिक काढलं. १९४६ मध्ये जे. जे. रुग्णालयात देशातला पहिला वैद्यकीय समाजकार्यकर्ता नेमला गेला. आज महाराष्ट्राच्या सरकारी रुग्णालयांत दारावर ‘समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)’ अशी पाटी दिसते. शस्त्रक्रियेला पैसे नसलेला, बेवारस सापडलेला, घरच्यांनी न्यायला नकार दिलेला प्रत्येक रुग्ण त्या दारापाशी पाठवला जातो. १९४८ च्या कारखाना कायद्याने पाचशे किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्याला कल्याण अधिकारी नेमणं सक्तीचं केलं, आणि समाजकार्य शिकलेल्या मुलांना गिरण्या-कारखान्यांची दारं उघडली.

सगळ्यांत धीट प्रयोग १९८४ चा. आदल्याच वर्षी भारतीय दंड संहितेत कलम ४९८-अ आलं होतं. सासरच्या छळाला कायद्यात नाव मिळालं होतं. पण तक्रार द्यायला आलेल्या बाईशी पोलीस ठाण्यात बोलायचं कुणी? संस्थेने मुंबई पोलिसांच्या सोबतीने आयुक्तालयातच महिला व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला. तिथे बसणारी व्यक्ती पोलीस नव्हती, वकील नव्हती. ती समाजकार्यकर्ती होती. ती बाईचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकायची, तक्रार लिहून द्यायची, स्त्रीधन परत आणायला पोलिसांना सोबत घ्यायची. जागा पोलीस आवारातच असण्याला अर्थ होता: तिथून आलेलं बोलावणं नवरा सहसा टाळत नाही. पुढे हा कक्ष महाराष्ट्र शासनाने स्वीकारला आणि जिल्ह्याजिल्ह्यांत नेला. इतर राज्यांनीही तो उचलला.

१९९० मध्ये ‘प्रयास’ सुरू झाला. जामीन मंजूर होऊनही जामीनदार नाही म्हणून आत राहिलेले, आपली तारीख कधी आहे हेही माहीत नसलेले कच्चे कैदी हा त्याचा विषय. जून १९९६ मध्ये संस्थेत शिकवणाऱ्या जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकाराने मुंबईत ‘चाइल्डलाइन’ची घंटा वाजली. रस्त्यावरच्या मुलांना लक्षात राहील असा नंबर हवा होता: १०९८, दस नौ आठ. मुंबईतल्या मुलांचा तो नंबर देशभर पसरला, आणि २०२३ पासून ती सेवा सरकारी यंत्रणेत मिसळली आहे.

‘कोशिश’ हा प्रकल्प २००६ चा. भीक मागणं हा गुन्हा ठरवणाऱ्या १९५९ च्या मुंबई कायद्याखाली पकडलेल्या माणसांसोबत त्याचं काम सुरू झालं. याच गटाकडे बिहार सरकारने २०१७ मध्ये आपल्या निवारागृहांचं सामाजिक लेखापरीक्षण सोपवलं. रजिस्टर तपासून, सही करून परतता आलं असतं. गट तिथल्या मुलांशी बोलत बसला. २०१८ च्या अहवालात मुजफ्फरपूरच्या बालिकागृहातल्या लैंगिक अत्याचारांची नोंद आली, खटला उभा राहिला आणि जानेवारी २०२० मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने १९ जणांना दोषी ठरवलं. रेकॉर्डिंगच्या वहीत जे शिकवतात, म्हणजे ऐकायचं, पुन्हा विचारायचं आणि ऐकलं तसं लिहायचं, तेच कौशल्य इथे कामी आलं.

संकटाच्या वेळी वर्ग बंद करून निघण्याचीही इथे परंपरा आहे. फाळणीनंतर कुरुक्षेत्राची निर्वासित छावणी, १९८४ ची भोपाळ वायुदुर्घटना, ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप: तिन्ही ठिकाणी संस्थेची माणसं होती. मराठवाड्याशी नातं त्याआधीचं, कारण तुळजापूरला संस्थेचं ग्रामीण काम १९८६ पासून सुरू आहे. आता तिथे स्वतंत्र संकुल आहे, आणि तिथल्या विद्यार्थ्यांचं फिल्डवर्क टँकरची वाट बघणाऱ्या गावांत चालतं.

ही पद्धत एका संस्थेपुरती राहिली नाही. मुंबईत निर्मला निकेतन १९५५ मध्ये, पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था १९६३ मध्ये सुरू झाली. आज महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत समाजकार्य महाविद्यालयं आहेत. निर्मला निकेतनच्या प्राचार्य राहिलेल्या आर्मायटी देसाई पुढे टाटा संस्थेच्या संचालक आणि नंतर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अध्यक्ष झाल्या. त्यांच्याआधी वीस वर्षं संचालक असलेले समाजशास्त्रज्ञ माधव सदाशिव गोरे यांनी भारतीय समाजकार्याच्या शिक्षणावर पायाभूत लेखन केलं. अमेरिकन पुस्तकातला ‘व्यक्ती’चा प्रश्न इथे जातीचा, जमिनीचा, स्थलांतराचा निघतो; त्यामुळे दलित आणि आदिवासी प्रश्नांवरचं समाजकार्य हा पुढे स्वतंत्र अभ्यासक्रम झाला. नर्मदेच्या खोऱ्यात आयुष्य वेचणाऱ्या मेधा पाटकर याच संस्थेत शिकल्या.

दुखरी बाजूही आहे. डॉक्टर किंवा वकिलांसारखी समाजकार्याला भारतात वैधानिक परिषद नाही. समुपदेशक, बाल संरक्षण अधिकारी, प्रकल्प समन्वयक या जागा बऱ्याचदा अकरा महिन्यांच्या करारावर भरल्या जातात. निधी संपला की माणूस जातो, आणि त्याच्यावर विश्वास टाकलेली वस्ती पुन्हा नव्या चेहऱ्याला सगळं पहिल्यापासून सांगते. शिकणाऱ्यांचा प्रश्न त्याहून आधीचा. फेब्रुवारी २०१८ मध्ये अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागास वर्गांतल्या शिष्यवृत्तीधारकांची वसतिगृह व भोजन शुल्कातली सवलत काढल्यावर मुंबई, तुळजापूर, हैदराबाद आणि गुवाहाटीच्या संकुलांत विद्यार्थी संपावर गेले. ज्या वस्त्यांत फिल्डवर्क चालतं तिथली मुलं वर्गात बसू शकली नाहीत, तर या शिक्षणाचा कणाच मोडेल, हे त्यांचं म्हणणं होतं. ते खरं आहे. नाक्यावरच्या रांगेत स्वतःचे वडील उभे राहिलेले असतील, तर औषधाची वेळ कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

संध्याकाळी लोकल भरून येतात. विद्यार्थिनी गोवंडीला उतरते, वसतिगृहात चहा घेते आणि वही उघडते. वर तारीख, खाली ठिकाण, पोहोचल्याची वेळ. मग विशेष कक्षात आज भेटलेल्या बाईंबद्दल ती लिहू लागते: ‘बाई खूप घाबरलेल्या...’ आणि थांबते. ओळ खोडते. बाईंनी दाराकडे दोनदा वळून पाहिलं होतं आणि विचारलं होतं, की हे कागद घरच्या पत्त्यावर तर येणार नाहीत ना. ती तेच लिहिते.