सव्वादहा अधिक पावणेदोन

अणदूरच्या खंडोबाचं वर्षाचं गणित इथल्या लहान पोरांनाही पाठ असतं. देव सव्वादहा महिने अणदुरात आणि पावणेदोन महिने नळदुर्गात. मूर्ती एकच, देवळं दोन. दोन्ही गावांत लेखी करार होतो, मग पालखी निघते. इथल्या गणिताच्या सरांनी आपल्या वहीत अपूर्णांकांच्या धड्यात पहिलं उदाहरण याचंच घेतलं होतं. दोन्ही मुदती मिळवा, बारा महिने आले पाहिजेत.

सरांची ती हस्तलिखित वही ई-पुस्तक करण्यासाठी माझ्याकडे आली. मी मजकूर टाइप केला, फाईल ईपब या ई-पुस्तकाच्या स्वरूपात बदलली आणि अणदुरात त्यांच्या ओसरीवर बसून फोनवर उघडली. पहिल्याच पानावर होतं : १०१/४ + १३/४ = १२. दहा पूर्णांक एक छेद चार याचं एकशे एक छेद चार झालं होतं आणि एक पूर्णांक तीन छेद चार याचं तेरा छेद चार. सरांनी कागदावर बेरीज मांडली. "साडेअठ्ठावीस महिने होतायत," ते म्हणाले. "पोरगं हे बघेल आणि स्वतःलाच चुकलं म्हणेल." मला ते फार लागलं. पुस्तकातली चूक विद्यार्थी नेहमी स्वतःच्या माथी घेतो.

कागदावर अपूर्णांक ही जागेची गोष्ट आहे. अंश वर, छेद खाली, मध्ये रेघ, डावीकडे पूर्णांक. ई-पुस्तकाला पान असं नसतंच. वाचणारा अक्षर मोठं करतो, फोन आडवा धरतो, आणि ओळी नव्याने वाहतात. या वाहण्यात वरखाली बसलेले आकडे एका ओळीत सपाट होतात. घातांकाचं तर आणखी वाईट. दोनाचा घन आठ, तिथे कोपऱ्यातला तीन खाली घसरला की तेवीस बरोबर आठ असं छापलं जातं.

सोपी पळवाट म्हणजे सूत्राचं चित्र करून चिकटवायचं. मीही दोन दिवस तेच केलं. पण मजकूर मोठा केला तरी चित्रातले आकडे बारीकच राहिले. रात्री काळ्या पडद्यावर प्रत्येक सूत्र पांढऱ्या चौकोनात उभं दिसलं. आणि पुस्तक वाचून दाखवणारा आवाज सूत्रापाशी आला की नुसता "चित्र" म्हणून पुढे गेला. डोळ्यांनी पाहू न शकणाऱ्या मुलासाठी तिथे धडाच संपला.

मग सगळं काढून मॅथएमएलमध्ये लिहायला बसलो. वेबच्या पानावर गणित लिहिण्याची ही खुणांची भाषा १९९८ साली प्रमाण म्हणून जाहीर झाली आणि २०११च्या ईपब ३ मध्ये तिला रीतसर जागा मिळाली. क्रोम ब्राउझरमध्ये मात्र ती खऱ्या अर्थाने २०२३ उजाडल्यावर आली. तिच्यात सूत्राचं रूप सांगायचं नसतं, नातं सांगायचं असतं : हा अपूर्णांक, याचं पहिलं अपत्य अंश, दुसरं छेद, हे वर्गमूळ, याच्या पोटात एवढं सगळं. मांडणी वाचनयंत्र स्वतः करतं. वर्गमूळाची खूण आतल्या राशीवर पसरायची तर फॉन्टमध्ये गणिताचा खास तक्ता लागतो. माझ्या देवनागरी फॉन्टमध्ये तो नव्हता, म्हणून खूण एका फॉन्टची आणि आकडे दुसऱ्याचे, अशी जोडी जमवावी लागली. रोमन लिपीत वापरतात ते अंक युनिकोडमध्ये घातांकाच्या रूपात तयार मिळतात, देवनागरी अंक मिळत नाहीत. अक्षराच्या डोक्यावर बसणारे छोटे देवनागरी अंक युनिकोडमध्ये आहेत, पण ते सामवेदाच्या स्वरांसाठी. शेवटी प्रत्येक घातांक खुणेनेच वर चढवला.

एका दुपारी सरांनी घरातली जुनी हिशेबाची चोपडी काढली. त्यात सव्वादहा असा होता : १०। आणि पावणेदोन असा : १॥। एक उभी रेघ पाव, दोन रेघा अर्धा, तीन पाऊण. मी हीच बेरीज फोनवर टाइप केली. अक्षर कितीही मोठं केलं तरी काही मोडेना, कारण सगळं एकाच ओळीत. पावकी, निमकी, पाऊणकी तोंडपाठ असलेल्या लोकांची ही लिपी मला फार शहाणी वाटते. आम्ही ती धड्याच्या सुरुवातीला ठेवली. पण तीन छेद सात तिच्यात बसत नाही, वर्गसमीकरणाचं सूत्र तर नाहीच.

प्रत्येक सूत्रामागे न दिसणारं एक मराठी वाक्यही लिहिलं, आवाजाने वाचण्यासाठी. ते सर सांगत, मी टाइप करी. वर्गसमीकरणाच्या सूत्रापाशी आम्ही बराच वेळ अडलो. "उणे बी, अधिक-उणे वर्गमूळ" म्हटलं तर ऐकणाऱ्याला वर्गमूळ कुठे संपतं ते कळत नाही. सरांनी डोळे मिटून दोनतीनदा म्हणून पाहिलं आणि एक शब्द वाढवला, "वर्गमूळ पूर्ण". मग "भागिले दोन ए".

संध्याकाळी शेजारची दहावीतली मुलगी आली. तिचा फोन लहान, काचेला तडा गेलेला. तिने अक्षर सगळ्यात मोठं केलं. दहा पूर्णांक एक छेद चार शाबूत राहिलं. पुढचं लांब समीकरण मात्र पडद्याबाहेर गेलं. "सर वर्गात बरोबरच्या चिन्हाखाली बरोबर लिहायला सांगतात," ती म्हणाली, "इथं तसंच करा की." त्या रात्री एकशे बारा समीकरणं मी बरोबरच्या चिन्हापाशी तोडून पुन्हा मांडायला घेतली.