वाफ गेलेल्या ताटाचा निकाल

टीव्हीवरच्या स्वयंपाकाच्या स्पर्धेत परीक्षकापुढे ताट येतं तेव्हा त्यातून वाफ निघत नाही. हे एकदा लक्षात आलं की मग दुसरं काही दिसेनासंच होतं. शेवटचे दहा सेकंद ओरडून मोजतात, स्पर्धक हात वर करतात, जाहिराती लागतात. जाहिराती संपतात तेव्हा परीक्षक चमचा तोंडात घालून डोळे मिटत असतो. मधल्या वेळात त्या अन्नाचं काय होतं हे पाहायचं म्हणून ओळख काढून गोरेगावच्या एका स्टुडिओत, एका मराठी कार्यक्रमाच्या चित्रीकरणाला गेले.

‘‘चाळीस मिनिटं,’’ स्पॉटदादा म्हणाले. ‘‘कमीत कमी हां. लाइट बदलला तर तासही जातो.’’

परीक्षकांचे चमचे, पाणी, हात पुसायचे नॅपकिन हे सगळं त्यांच्याकडे. दोन स्टीलचे डबे, एकात स्वच्छ चमचे, दुसऱ्यात उष्टे. ताटं लागल्यावर आधी त्यांची जवळून दृश्यं घेतात, स्पर्धकांना बाजूला नेऊन ‘‘आता काय वाटतंय?’’ विचारतात, परीक्षकांचा मेकअप पुन्हा नीट होतो. दिव्यांच्या उष्णतेवर उतारा म्हणून एसी असा सोडलेला, की मी ओढणी खांद्यावर गुंडाळून बसले होते.

त्या दिवशी नऊ ओट्यांपैकी एकावर मालवणकडच्या एक बाई बांगड्याचं सार करत होत्या. ओल्या खोबऱ्याचं वाटण, आमसुलं आणि शेवटी ठेचून टाकलेलं तिरफळ. तो वास आला आणि बाकी आठ ओट्यांवर काय चाललंय याकडे माझं लक्षच राहिलं नाही. लिंबाच्या सालीसारखा, पण जास्त रानटी. नाकात शिरला की निघत नाही.

परीक्षक तिघे. एक मोठ्या हॉटेलात वाढलेले शेफ, एक पाककृतींची पुस्तकं लिहिणाऱ्या बाई आणि त्या आठवड्याचे पाहुणे म्हणून मालिकेतला एक नट. तिघांत शेफचं काम बघत राहावं असं. स्वयंपाक चालू असतानाच ते ओट्याओट्यावरून फिरत होते, एप्रनच्या खिशात चमच्यांची जुडी. कॅमेरा दुसरीकडे वळलेला असला तरी त्यांचं चाखणं थांबत नव्हतं. चमच्याच्या पाठीने बांगडा हलकेच दाबून मांस काट्यापासून सुटतंय का पाहिलं. वाटणाचा कच्चा वास राहिलाय का म्हणून पातेल्यावर वाकले. मग कचऱ्याची बादली पायाने पुढे ओढून आत डोकावले. किती फुकट गेलं, यावरून हात कळतो म्हणे. प्रत्येक ओट्यानंतर छोट्या वहीत दोन-तीन शब्द.

‘‘चव इथेच घ्यायची,’’ ते मला म्हणाले. ‘‘तिकडे टेबलावर फक्त आठवायची.’’

यात लपवाछपवी काही नाही. ऑस्ट्रेलियाच्या ‘मास्टरशेफ’चे परीक्षकही आधी ओट्याशीच चाखून ठेवतात, हे त्यांनीच सांगितलेलं आहे. शेफसाठी ही सोय पुरेशी आहे. अडचण दुसऱ्यांची होती. नट महाशय ओट्यांपाशी आले ते फक्त कॅमेऱ्यासाठी, दोन विनोद करून गेले. त्यांनी काही चाखलं नाही. ते चाखणार होते चाळीस मिनिटांनंतर.

चाळीस मिनिटांत सारात काय होतं ते सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं. खोबऱ्याच्या वाटणातला स्निग्धांशही एवढ्या गारठ्यात घट्ट होऊन वर येतो. जिभेवर तुपकट थर बसतो आणि आमसुलाचा आंबटपणा त्याच्याखाली दबतो. गारठ्यात वासही कमी उडतो. माझ्या नाकात तासभर बसलेलं ते तिरफळ टेबलावर पोचेपर्यंत जवळजवळ मुकं झालं होतं.

चाखण्याचा क्रमही जिभेच्या सोयीचा नसतो. तिरफळाने जीभ किंचित बधिर होते, म्हणून शेफना सार शेवटी हवं होतं. पण कुणाचा चेहरा कधी दाखवायचा हे क्रिएटिव्ह टीमच्या कागदावर आधीच लिहिलेलं असतं. सार दुसरं आलं आणि त्याच्या मागून केशराचा नाजूक हलवा. मधे स्पॉटदादांनी ताकाचा पेला पुढे केला, कारण तिखटाचा दाह पाण्याने जात नाही, दुधाच्या प्रथिनांनी उतरतो. हे त्यांना कुणी शिकवलं, विचारलं तर म्हणाले, ‘‘शेफ पाणी परत पाठवतात ना.’’

शेफनी डोळे मिटून ‘‘बांगडा अगदी बरोबर शिजलाय’’ म्हटलं. तेच वाक्य दुसऱ्या कोनातून पुन्हा म्हटलं, तेव्हा चमचा रिकामा होता. वाक्य खरं होतं, फक्त तासाभरापूर्वीचं होतं. मग नट म्हणाले, ‘‘छान आहे, पण मला जरा जड वाटलं.’’ तेही खरंच होतं. त्यांच्या चमच्यात जे होतं ते जडच होतं. निकालात मात्र दोघांच्या गुणांना सारखंच वजन.

१९९३ साली ‘खाना खजाना’ सुरू झालं तेव्हा टीव्हीवरचा स्वयंपाक शिकवण्यासाठी होता. २०१० मध्ये ‘मास्टरशेफ इंडिया’ आलं आणि परीक्षकांच्या बाकावर कुणाल कपूर, अजय चोप्रा या दोन शेफच्या जोडीला अक्षयकुमार बसला. प्रेक्षक आले, आणि लखनौच्या शाळेतली नोकरी सोडून आलेल्या पंकज भदौरिया पहिल्या विजेत्या झाल्या, हे या प्रकाराचं श्रेयच. २०१५ चं चौथं पर्व पूर्ण शाकाहारी ठेवलं गेलं. काय शिजणार हे जिभेआधी वाहिनी ठरवते, हे तेव्हा निदान जाहीर तरी केलं होतं. चाळीस मिनिटांचा नियम कुणी जाहीर केलेला नाही, तरी स्पर्धक तो दोन भागांत शिकतात. पुरी बसते, भाकरी वातड होते, कुरकुरीत बोंबील मऊ पडतो, वरणावर साय धरते. टिकतं ते साच्यातून काढलेलं, थरावर थर रचलेलं, ठिपक्यांनी सजवलेलं. आपल्या घरी जे तव्यावरून थेट पानात वाढतात ते या ताटात येतच नाही, आणि पाहणाऱ्याला वाटतं की ते स्पर्धेच्या लायकीचं नसावं.

बाई तिसऱ्या आल्या. माइक काढून झाल्यावर शेफ त्यांच्या ओट्याशी गेले. ‘‘ताई, गरम होतं तेव्हा नवात तुमचं पहिलं होतं. तिरफळ आणखी थोडं उशिरा टाका, एवढंच.’’ दिवसभरातलं हे सगळ्यात उपयोगाचं परीक्षण, आणि ते कुठेही दाखवलं जाणार नव्हतं.

‘‘मग पुढच्या वेळी पुन्हा सारच करणार का?’’ मी बाईंना विचारलं.

त्या खिसणी पुसून पिशवीत ठेवत होत्या. ‘‘छ्या! पुढच्या टायमाक धोंडास करतंय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘थंड झालो तरी तेचा काय बिघडाचा नाय.’’