‘स्मार्ट’ मायक्रोवेव्ह आणि संशोधनाचा प्रश्न



पेटची तयारी करणारे, सिनॉप्सिस लिहायला बसलेले बरेच जण एकच गोष्ट विचारतात: “विषय सापडलाय, पण प्रश्न कसा बांधू?” आज त्यावर पुस्तकातलं उदाहरण देत नाही, घरचंच देते.

माझी आई दारव्ह्याला एकटी राहते, मी अमरावतीला. मागच्या पावसाळ्यात एकाच आठवड्यात दोनदा ती गॅसवर दूध ठेवून विसरली. दुसऱ्या वेळी पातेलं पार काळं झालं. शेजारच्या काकूंना वास आला म्हणून निभावलं. मी घाबरले आणि त्याच रात्री ठरवलं, स्मार्ट मायक्रोवेव्ह घ्यायचा. फोनवर सगळं दिसेल, अमरावतीहून बंद करता येईल. यवतमाळच्या एका दुकानात विचारलं, तर विक्रेता म्हणाला, “ताई, हा होम ऑटोमेशनसोबत चालते.” मी पैसे काढायच्या तयारीत होते. सहज आईला फोन लावला. ती म्हणाली, “मले ते बाकीचं नको सांगू. मी ठेवून विसरली तर काय होईल, ते सांग.”

तुमच्या मार्गदर्शकांनी जे सिनॉप्सिसवर लाल पेनानं लिहिलं असतं, ते आईनं एका वाक्यात सांगितलं. माझा प्रश्न उपकरणाबद्दल होता, अडचण मात्र विसरण्याबद्दल होती.

‘चालतो’ म्हणजे काय?

प्रबंधात महत्त्वाच्या संज्ञेची कार्यात्मक व्याख्या द्यावी लागते. म्हणजे ती गोष्ट आहे की नाही हे कशावरून ओळखणार, ते आधी सांगायचं. ‘होम ऑटोमेशनसोबत चालतो’ हा शब्दप्रयोग फोडून बघा, त्यात निदान चार वेगळे अर्थ सापडतात.

एक, काम संपलं की फोनवर कळवतो. दोन, फोनवरून किंवा बोलून दिलेली आज्ञा घेतो. तीन, दुसऱ्या कंपनीच्या उपकरणांशी जुळतो. चार, नेट गेलं तरी घरातल्या घरात त्याचं नियंत्रण सुरू राहतं. एखादा मायक्रोवेव्ह पहिलं करील आणि बाकीचं करणार नाही, तरी खोक्यावर शब्द तोच असतो.

तिसऱ्या अर्थासाठी ‘मॅटर’ नावाचं मानक आहे. त्याची पहिली आवृत्ती २०२२ मध्ये आली, पण मायक्रोवेव्ह त्यात मे २०२४ च्या १.३ आवृत्तीत आला. म्हणून नुसतं “मॅटर आहे का?” विचारून भागत नाही. हे मॉडेल त्याखाली येतं का, आणि तुम्ही वापरता ते अ‍ॅप मॅटरमधल्या मायक्रोवेव्हला ओळखतं का, हे दोन्ही विचारा. मानकात सोय असणं आणि दुकानातल्या वस्तूत ती असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसऱ्या अर्थात भाषा येते. गुगल असिस्टंटला मराठी २०१८ मध्ये मिळाली, अलेक्साला हिंदी २०१९ मध्ये. पण आई “दूध गरम करून दे मले” म्हणणार. तेव्हा चाचणी तिच्या तोंडच्या वाक्यावर घ्यायची, माहितीपत्रकातल्या वाक्यावर नाही.

जे हवंसं वाटतं, ते लागतं का?

मला सगळ्यात जास्त मोह होता दुरून सुरू करण्याचा. आता विचार करा, दूध आत ठेवायला माणूस तिथे लागतोच. मग बटण दाबायला मी कशाला? उलट आत काही नसताना मायक्रोवेव्ह सुरू झाला, तर लहरी शोषून घेणारं काही नसतं. त्या परत फिरतात आणि मॅग्नेट्रॉनला इजा करू शकतात. म्हणूनच बऱ्याच ओव्हनमध्ये आधी यंत्रावरचं ‘रिमोट स्टार्ट’ दाबावं लागतं, त्याशिवाय फोन काही करू शकत नाही.

“साधा घेऊन स्मार्ट प्लग लावू” असंही काही जण सुचवतात. डिजिटल पॅनेलच्या मायक्रोवेव्हची वीज तोडून परत दिली, तर तो सहसा नुसता उभा राहतो. म्हणजे प्लग फक्त बंद करायच्या कामाचा. शिवाय ८०० वॅट उष्णता देणारा मायक्रोवेव्ह भिंतीतून साधारण १२०० वॅट किंवा जास्त ओढतो. २३० व्होल्टवर ६ अँपिअरच्या प्लगची मर्यादा १३८० वॅट. फार काठावरचा हिशेब झाला, प्लग १६ अँपिअरचाच हवा.

दुकान आणि घर

दुकानात जे चाललं ते घरी चालेल का? यालाच बाह्य सप्रमाणता म्हणतात. आमच्या घरचे तीन चल मी लिहून काढले.

पहिला वीज. गेली की मायक्रोवेव्ह बंद, कारण दिवे-पंख्यांसाठी घेतलेला घरगुती इन्व्हर्टर एवढा भार पेलत नाही. दुसरा व्होल्टेज. आमच्या गल्लीत संध्याकाळी ते उतरतं आणि ट्रान्सफॉर्मरवाल्या मायक्रोवेव्हची उष्णताही त्याबरोबर उतरते. तिसरा वायफाय, आणि इथे गंमत आहे. मायक्रोवेव्ह साधारण २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो. स्मार्ट उपकरणं बहुतेक वेळा २.४ गिगाहर्ट्झचंच वायफाय वापरतात. दाराच्या फटीतून थोडीशी लहर बाहेर येते. ती माणसाला त्रास देण्याइतकी नसते, पण वायफायला पुरते. म्हणजे यंत्र चालू असतानाच त्याचा स्वतःचा निरोप अडखळू शकतो. राउटर जवळच आहे की दोन भिंतींपलीकडे, यावर बरंच ठरतं.

व्होल्टेजचा परिणाम तुम्ही घरीच मोजू शकता. चालणाऱ्या भांड्यात १ लिटर पाणी घ्या, ढवळून तापमान बघा, पूर्ण शक्तीवर २ मिनिटं ठेवा, परत ढवळून तापमान बघा. जितके अंश वाढले त्याला ३५ नं गुणा, अंदाजे वॅट मिळतात. समजा २० अंश वाढलं, तर ७०० वॅट. हेच सकाळी तीनदा आणि संध्याकाळी तीनदा करा. दर वेळी पाणी तेवढंच, भांडं तेच, सुरुवातीचं तापमान जवळपास सारखं. एका मोजणीवर निष्कर्ष काढायचा नाही, ही सवय इथूनच लागते.

मग घेतलं काय?

आईच्या प्रश्नाकडे परत गेले. ती विसरली तर काय व्हायला हवं? उष्णता आपोआप थांबायला हवी. ते काम प्रत्येक मायक्रोवेव्हचा टायमर करतो, त्याला ना वायफाय लागतं ना अ‍ॅप. शेवटी २० लिटरचा, दोन गोल बटणांचा साधा घेतला. उंच भांड्यात कपभर दूध, बटण खुणेपर्यंत फिरवायचं, बस. खूण मी लाल नेलपॉलिशनं करून दिली. एक पथ्य सांगून ठेवलं: मध्येच लाइट गेली तर बटण शून्यावर आणायचं, कारण अशा बऱ्याच टायमरमध्ये वीज आली की तो उरलेला वेळ पुन्हा सुरू होतो.

तुमचं उत्तर वेगळं येऊ शकतं. घरात दृष्टी अधू असलेलं कोणी असेल, तर बोलून चालणारं यंत्र हीच खरी गरज असेल आणि माझा निष्कर्ष तिथे लागू होणार नाही.

आणि मर्यादा लिहायलाच हवी. भाकरी अजून गॅसवरच होते, वरणही. मी दुधापुरता प्रश्न सोडवला, विसरण्याचा नाही. त्यासाठी आईला डॉक्टरांकडे न्यायचं आहे. एवढे दिवस मी मॉडेलं बघत बसले आणि ते राहून गेलं, हे कबूल करते.

आता तुमची सिनॉप्सिस उघडा. शीर्षकातला ‘परिणामकारक’, ‘स्मार्ट’, ‘आधुनिक’ असा एक शब्द निवडा आणि त्याचे चार अर्थ लिहा. त्यातला कोणता मोजणार आहात, त्याखाली रेघ मारा. आणि आरआरसीपुढे जाण्याआधी, ज्यांच्यासाठी हे सगळं करताय त्यांच्यापैकी एकाला तरी तो प्रश्न वाचून दाखवा.