फोनवर झकास, टीव्हीवर ढिम्म!

माहुलच्या खाडीत रोहित उतरले, म्हणजे आपले फ्लेमिंगो हो, की तुमच्यापैकी कितीतरी जण फोन बाहेर काढता. चिखलावर गुलाबी रांग, मागे रिफायनरीची धुरांडी. फोनच्या स्क्रीनवर हे फोर-के मध्ये भन्नाट दिसतं. मग घरच्यांना मोठ्या पडद्यावर दाखवायची हुक्की येते. पेन ड्राइव्ह भावाच्या पीएस-थ्रीला लावता किंवा आजीच्या जुन्या डीव्हीडी प्लेअरसाठी डिस्क मारता, आणि पुढे काहीच होत नाही. फाइल सपोर्ट होत नाही म्हणे!

टीव्ही बिघडलेला नसतो, फाइलही नाही. आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. एमपी४, एमकेव्ही, एमटीएस हे नुसते डबे आहेत. डब्यात भाजी कोणती, ते कोडेक ठरवतो: एमपीईजी-२, एच.२६४, एच.२६५ वगैरे. प्लेअरला डबाही उघडता यायला हवा आणि भाजीही पचायला हवी. पीएस-थ्रीला एमकेव्हीचा डबा उघडता येत नाही. पण आत एच.२६४ चं चित्र आणि एएसी आवाज असेल, तर नुसता डबा बदलून एमपी४ करा. याला रीमक्स म्हणतात. दोन-चार मिनिटांचं काम, क्वालिटी तसूभरही कमी होत नाही. बरेच जण इथेच फसतात आणि रात्रभर लॅपटॉप तापवत अख्खा व्हिडिओ नव्याने एन्कोड करत बसतात. काय गरज?

आता डिस्क. एमपी४ डीव्हीडीवर कॉपी केली म्हणजे डीव्हीडी झाली, असं नाही. ती झाली डेटा डिस्क. जुना प्लेअर शोधतो 'व्हिडिओ_टीएस' नावाचं फोल्डर आणि त्यात एमपीईजी-२ चित्र. आपल्याकडच्या पॅल पद्धतीत त्याचा आकार ७२० बाय ५७६ पिक्सेल, सेकंदाला २५ फ्रेम. फुल एचडी म्हणजे १९२० बाय १०८०. गुणाकार करून बघा, डीव्हीडीचे पिक्सेल बरोब्बर एक पंचमांश भरतात. म्हणजे पाचातले चार जाणारच, कुठलंही सॉफ्टवेअर आणा. दूरवरचे रोहित डीव्हीडीवर ठिपके दिसले तर कन्व्हर्टरला शिव्या देऊ नका.

उरलेला एक तरी नीट यावा, यासाठी थोडं गणित. साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतं. दोन तासांची हळद भरायची तर चित्र आणि आवाज मिळून सेकंदाला साधारण ५ मेगाबिट वाट्याला येतात, तीन तासांना जेमतेम साडेतीन. बँजोवर नाचणारी गर्दी आणि वर लुकलुकणारं लायटिंग साडेतीनमध्ये कोंबलं की चौकटी चौकटी दिसणारच. सरळ दोन डिस्क करा. एकाच तासाचा व्हिडिओ असेल तरी मीटर शेवटपर्यंत ताणू नका, कारण चित्रासाठी कमाल मर्यादा ९.८ मेगाबिट आहे आणि तिथवर नेलं की काही जुने प्लेअर अडखळतात.

काम फुकटात होतं. डीव्हीडीस्टायलर मेनूसकट डिस्क बनवून देतं. कमांड लिहायला घाबरत नसाल तर एफएफएमपेगमध्ये पॅल-डीव्हीडीचं तयार सेटिंगच आहे. हँडब्रेक फेमस आहे, पण ते डिस्क बनवत नाही, फक्त फाइल देतं. एचडीच डिस्कवर हवं तर ब्लू-रे, २५ जीबीची, पण बर्नर वेगळा लागतो. मधला एक जुगाडही आहे. साध्या डीव्हीडीवर एव्हीसीएचडी पद्धतीने लिहा. १७ मेगाबिटने जेमतेम ३५ मिनिटं मावतात, पण पीएस-थ्रीवर खरंखुरं एचडी दिसतं.

कन्सोलचे नखरे वेगळे. पीएस-थ्रीला पेन ड्राइव्ह फॅट-३२ चाच लागतो आणि त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही. पीएस-फोरला एक्सफॅट चालतो, एमकेव्हीही चालते, पण एच.२६५ नाही. आणि नेमकं हेच बऱ्याच नव्या फोनच्या कॅमेऱ्यात 'हाय एफिशियन्सी' या गोंडस नावाने चालू असतं. शूटिंगआधीच ते बंद केलं तर पुढची अर्धी कटकट वाचते. दुसरं म्हणजे फोन सेकंदाला किती फ्रेम घ्यायच्या हे स्वतःच कमीजास्त करतो. म्हणून कन्व्हर्ट केल्यावर ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो. हँडब्रेकमध्ये फ्रेम रेट 'कॉन्स्टंट' करा.

इथपर्यंत सगळं हौसेचं झालं. पण माहुलमध्ये कॅमेरा फक्त पक्ष्यांवर रोखला जात नाही. इथल्या हवेचा वाद हरित लवादापर्यंत आणि हायकोर्टापर्यंत गेला आहे. ८ ऑगस्ट २०१८ ला रिफायनरीत स्फोट झाला. अशा वेळी तुम्ही काढलेला व्हिडिओ उद्या कुणाला पुरावा म्हणून लागू शकतो. आणि तिथे कन्व्हर्ट केलेली फाइल म्हणजे वेगळीच फाइल.

जालन्याचं उदाहरण घ्या. २०१४ च्या विधानसभेला अर्जुन खोतकर तिथून २९६ मतांनी निवडून आले. त्यांचे उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीत भरले गेले होते का, यावर कैलास गोरंट्याल कोर्टात गेले. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं चित्रीकरण डिस्कवरून कोर्टासमोर आलं, पण सोबत पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चं प्रमाणपत्र नव्हतं. १४ जुलै २०२० ला सुप्रीम कोर्टाने नियम स्पष्ट केला: मूळ उपकरणच हजर केलं तर प्रमाणपत्र नको, कॉपी असेल तर हवंच. गोरंट्याल यांनी ते मिळवायला जमेल ते सगळं केलं होतं, शिवाय दुसरा पुरावाही होता, म्हणून त्यांचं निभावलं. दरवेळी एवढं नशीब असेल का?

१ जुलै २०२४ पासून नवा साक्ष्य अधिनियम आहे. त्याच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात फाइलची हॅश किंमत लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलच्या बोटांचे ठसे. एक बिट बदलला तरी ठसा बदलतो. रीमक्सने चित्र तेच राहतं, पण हॅश वेगळी येते. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवला तर तो पुन्हा दाबला जातो, आणि कधी, कुठे काढला ही आतली माहितीही सहसा गळते. पाठवायचाच तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. विंडोजमध्ये हॅश काढायला 'सर्टयूटिल' आधीपासूनच असतं, वेगळं काही डाउनलोड करायला नको.

म्हणून क्रम असा ठेवा. शूट झालं की मूळ फाइल, नावही न बदलता, दोन जागी कॉपी करा आणि हॅश त्याच दिवशी लिहून ठेवा. कन्व्हर्ट करायची ती तिसरी कॉपी. आजीसाठी डिस्क मारलीत तर तिच्याच प्लेअरवर शेवटपर्यंत चालवून बघा. लॅपटॉप काय, काहीही वाजवतो.