छायाचित्र-मुद्रण, संगणकविरहित

अंकीय (डिजिटल) कॅमेऱ्याने टिपलेल्या छायाचित्राची कागदी प्रत संगणकाशिवाय घरीच काढण्याची पद्धत. हिला संगणकविरहित म्हणत असले, तरी संगणनाचे काम टळत नाही. संकोचित प्रतिमा उलगडणे, ती कागदाच्या आकारास अनुरूप करणे व प्रकाशाच्या रंगांचे शाईच्या रंगांत रूपांतर करणे ही कामे मुद्रकातील (प्रिंटरमधील) सूक्ष्मप्रक्रियक करतो. त्यामुळे मुख्य अडचण होती, ती निरनिराळ्या उत्पादकांच्या उपकरणांस समान संकेतभाषा नसण्याची.

कॅनन, ईस्टमन कोडॅक, फुजी फोटो फिल्म व मात्सुशिता या कंपन्यांनी १९९८ मध्ये ‘डीपीओएफ’ ही मानक पद्धती ठरविली. कोणत्या चित्राच्या किती प्रती हव्यात, याची नोंद कॅमेऱ्यातूनच स्मृतिकार्डावर (मेमरी कार्डावर) होते व ते कार्ड मुद्रकाच्या खाचेत घातल्यावर मुद्रक ती वाचतो. कॅमेरा व मुद्रक तारेने थेट जोडण्यात मात्र निराळी अडचण होती. यूएसबी जोडणीत एक उपकरण यजमान असावे लागते आणि ही भूमिका संगणकाकडे असे. कॅमेरा व मुद्रक दोन्ही त्याचे अंकित. २००३ च्या ‘पिक्टब्रिज’ मानकाने मुद्रकाला यजमान केले. आज्ञा मात्र कॅमेऱ्याच्या पडद्यावरून देता येऊ लागल्या. पुढे बिनतारी जोडणी व स्मार्टफोन यांच्या प्रसारामुळे या मानकाचे महत्त्व ओसरले.

घरगुती मुद्रकांत शाईचे सूक्ष्म थेंब फवारणारे मुद्रक सर्वपरिचित आहेत. केवळ छायाचित्रांसाठी बनविलेल्या लहान मुद्रकांत रंजक-संप्लवन पद्धत विशेष आढळते. पातळ फितीवर पीत, किरमिजी व निळसर हिरव्या (सायन) रंजकांचे पट्टे क्रमाने असतात. कागद मुद्रणशीर्षाखालून प्रत्येक रंगासाठी एकदा जातो आणि उष्णतेच्या प्रमाणात रंजक कागदाच्या लेपात उतरते. शेवटी पारदर्शक संरक्षक थर चढतो. रंजक बहुतांशी विसरणाने कागदात शिरते, त्यामुळे ‘संप्लवन’ हे नाव तितकेसे अचूक नाही. पण तेच रूढ झाले आहे. प्रत्येक बिंदूची छटा कमीजास्त करता येत असल्याने त्वचा, आकाश इ. सौम्य छटा सलग उमटतात. २००८ मध्ये आलेल्या ‘पोलरॉइड पोगो’ मुद्रकात फीतही नव्हती. त्याच्या ‘झिंक’ कागदातच तीन रंगांचे स्फटिकी थर असतात. अल्पकाळ तीव्र उष्णता दिल्यास वरचा पीत, तर दीर्घकाळ सौम्य उष्णता दिल्यास खालचा निळसर हिरवा थर रंग धरतो.

सु. १०×१५ सेंमी. (४×६ इंच) प्रतीसाठी इंचास ३०० बिंदू धरल्यास १,२००×१,८००, म्हणजे २१.६ लाख चित्रबिंदू पुरतात. याहून अधिक बिंदूंचा लाभ या आकारात फारसा दिसत नाही. कॅमेऱ्याची चौकट ४:३ व कागद ३:२ प्रमाणात असल्यास चित्राच्या उंचीचा नववा भाग कापला जातो. समूहचित्रात मागच्या रांगेतील माथी जातात ती यामुळेच. म्हणून मुद्रणापूर्वी पडद्यावरील कापणीची चौकट पाहणे इष्ट असते.

फितीचा पट्टा प्रत्येक प्रतीस पूर्ण खर्च होतो. चित्र गडद असो वा फिके, प्रतीचा खर्च तोच. शाईफवारा मुद्रकात तो चित्रानुसार बदलतो. पण मुद्रक दीर्घकाळ न वापरल्यास त्याची छिद्रे शाई वाळून बुजतात. वर्षातून दोनचार वेळाच प्रती काढणाऱ्या कुटुंबास फितीचा मुद्रक अधिक सोयीचा पडतो. वापरलेल्या फितीवर प्रत्येक चित्राची व्यस्त प्रतिमा स्पष्ट उरते. खाजगी छायाचित्रे छापली असल्यास ती फीत कापूनच टाकावी.