रोजचा हॉट योगा, पण विश्रांतीचे काय?

वसईतील होळीसारख्या किनारपट्टीच्या भागात मे महिन्यात पंखा बंद करून आसने केली, तर खोली वेगळी तापवण्याची गरजच पडत नाही. बिक्रम पद्धतीच्या हॉट योगात सुमारे ४० अंश सेल्सिअस तापमान आणि ४० टक्के आर्द्रतेत ९० मिनिटे व्यायाम होतो. तो रोज करावा का?

शरीर थंड होते ते घाम वाळल्यामुळे. दमट हवेत घाम नुसता निथळतो; पाणी आणि मीठ जाते, उष्णता मात्र आतच राहते. काट्यावर लगेच घटलेले वजन बहुतांशी पाण्याचे असते, चरबीचे नव्हे. उष्णतेने स्नायू सैल पडतात, त्यामुळे ताण जास्त झाल्याचे दुसऱ्या दिवशी कळते.

म्हणून गरम खोलीतील सत्रे एक दिवसाआड ठेवावीत. मधल्या दिवशी मोकळ्या हवेत हलकी आसने, शवासन आणि आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी. 'हठयोगप्रदीपिके'तही अतिश्रम हा योगाला बाधक मानला आहे.

सकाळी नाडी नेहमीपेक्षा जलद, लघवी गडद, झोप अपुरी असेल, तर त्या दिवशी सत्र टाळावे. भरपूर घाम गेल्यावर पाण्यासोबत ओआरएस किंवा मीठ घातलेले ताक घ्यावे. गर्भवती, हृदयरोगी आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. चक्कर, मळमळ जाणवताच थांबून थंड जागी जावे. बोलण्यात असंबद्धपणा आला, तर तो उष्माघात असू शकतो. अंग ओले करून वारा घालत रुग्णालय गाठावे.