हरणाच्या काडतुसानें कायोटीची शिकार

अमेरिकेंतील मेंढपाळांस कायोटी या कोल्ह्यासारख्या श्वापदाचा मोठा उपद्रव होतो. घरीं असलेली हरणाच्या शिकारीची रायफल त्यावर चालवावी कीं नाहीं, हा प्रश्न तेथें वारंवार निघतो. रायफल तीच चालेल. गोळी मात्र बदलावी.

१९५५ सालीं निघालेलें .२४३ विंचेस्टर हें काडतूस घ्या. हरणासाठीं त्यांत सुमारें १०० ग्रेन, म्हणजे साडेसहा ग्रॅम वजनाची जाड कवचाची गोळी असते. कायोटी क्वचितच २० किलोंहून अधिक भरतो. त्याच्या अंगांतून ती आरपार जाऊन पलीकडील गुरांस किंवा माणसास लागण्याचें भय असतें. ५५ ते ६० ग्रेनची पातळ कवचाची गोळी बहुधा अंगांतच फुटते.

परंतु गोळी बदलली कीं तिची लागण्याची जागाही बदलते. म्हणून निशाण लावून रायफलीची दुर्बीण पुन्हां जुळवून घ्यावी. जनावरामागें मातीचा उंचवटा नसल्यास चाप ओढूं नये. टेकडीच्या माथ्यावर उभ्या असलेल्या जनावरावर तर मुळींच नाहीं. गेलेली मेंढी पुन्हां घेतां येते, शेजारी नाहीं.

आपल्याकडील कोल्ह्यास मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें संरक्षण आहे, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.